हाफिजाला रडवू नका

नजीरा बांगड्या भरायला बसली की समोरच्या बाईशी बोलायची, हसायची, तिच्या सुनेची चौकशी करायची. पण कान मागं असायचा. मागं तिची पोर हाफिजा असायची. तिचा आवाज येतोय तोवर ठीक. बडबडीचा, हसण्याचा, ताटली आपटल्याचा, कसलाही. आवाज थांबला की नजीराचा हात थांबायचा. मग अर्धी चढलेली बांगडी समोरच्या बाईच्या आंगठ्याच्या हाडावर तशीच अडकून राहायची.

"भाभी, हात तुटला की गं माझा!"

"थांब हां जरा," म्हणत नजीरा मान वळवायची. हाफिजा भिंतीवरच्या मुंगीकडं बघत बसलेली असायची. बांगडी पुढं सरकायची.

शनिवार पेठेच्या मागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवरा कुतुबुद्दीन इचलकरंजीत कापडाच्या मागावर. आठवड्याची सुट्टी मिळाली की यायचा. घरात सासू लालबी, नजीरा आणि पोर. बांगड्यांचा धंदा लालबीचा. तिनं तो आयुष्यभर केला, मग बोटं आखडली तेव्हा सुनेला शिकवला. आता नजीरा गाठोडं घेऊन फिरायची आणि लालबी पोर सांभाळत तिच्याबरोबर यायची.

हाफिजाच्या आधी एक मुलगा झाला होता. सिकंदर. तो उभं राहायला शिकत होता तेव्हा तापानं गेला. रात्रीतून गेला. नंतर बरीच वर्षं काही नाही. मग दुष्काळ पडला, सरकारनं वाटलेल्या सुकडीवर माणसं जगली, आणि दुष्काळ सरता सरता हाफिजा झाली. तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं तर त्यात नवल काय?

पहिल्यांदा झालं ते साध्याच गोष्टीवरून. पोर नुकती चालू लागली होती. तिनं चुलीपुढचा विझलेला कोळसा उचलून तोंडात घातला. नजीरानं तो काढून घेतला. हाफिजानं टाहो फोडला. एक मोठा टाहो, आणि पुढं काहीच नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, पण आवाज नाही. आत गेलेला श्वास नाही, बाहेर येणारा नाही. ओठ जांभळे झाले. मग निळे. मान मागं पडली आणि पोर नजीराच्या हातात ओल्या फडक्यासारखी लोंबली.

नजीरा किंचाळली. बोळ गोळा झाला. लालबीनं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. शेजारच्या धोंडुबाईनं कांदा फोडून नाकाला लावला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी पाठीत धपाटे घातले. तेवढ्यात पोरीनं खर्रकन श्वास ओढला आणि रडायला लागली.

"कांद्यानं आली बघा," धोंडुबाई म्हणाली.

"कांद्यानं कुठली? चपलीनं आली," दुसरी म्हणाली.

"पाणी मारलं म्हणून आली," लालबी म्हणाली. "तुमचं कांदं-चपला नंतर आलं."

त्यांचं भांडण बराच वेळ चाललं. नजीरा पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती. पोर अंगावर झोपली होती आणि नजीरा तिच्या नाकापुढं बोट धरून बसली होती.

ते पुन्हा झालं. पुन:पुन्हा झालं. पडली की व्हायचं. हातातलं काही घेतलं की व्हायचं. नाही म्हटलं की व्हायचं. रडणं आलं की पाठोपाठ ते यायचं. मग घरात एकच नियम झाला. हाफिजाला रडवायचं नाही.

हा नियम लालबीनं केला आणि बोळानं पाळला. हाफिजा धोंडुबाईच्या उंबऱ्यावर मुतली तर धोंडुबाई हसून पाणी ओतायची. तिनं कुणाच्या पोराचा भोवरा मागितला तर त्या पोराला पाठीत रट्टा बसायचा आणि भोवरा हाफिजाला मिळायचा. भात नको म्हटला की भात परत. गूळ हवा म्हटला की गूळ. अंघोळीला पाणी अंगावर पडलं की ती तोंड वाकडं करायची, म्हणून अंघोळ राहायची. नखं कापायची राहायची. शेंबूड वाळून ओठावर पांढरा व्हायचा, तो ती झोपली की पुसायचा. ती फणी लावू द्यायची नाही. केसांचा गुंता झाला आणि गुंत्याचा गठ्ठा झाला.

एक दिवस धोंडुबाई त्या गठ्ठ्याला बोट न लावता लांबून बघत म्हणाली, "चाची, पोरीला जट आली की ओ. देवीचं बोलावणं हाय हे."

"मुसलमानाच्या पोरीला कुठली गं देवी?"

"देवी जात बघती व्हय?"

"तुझ्या देवीला सांग, इथं खोबरेल तेल आणायचं राहिलंय, म्हणून जट हाय," लालबी म्हणाली. पण त्या दिवसापासून तीही त्या केसांना हात लावायला बिचकायची.

कुतुबुद्दीनचं वेगळंच. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. घरी आला की दारातूनच "काय गं हाफिजा!" अशी हाळी द्यायचा आणि पोर दचकून ओठ काढायची. मग सासू-सून दोघी त्याच्यावर धावून जायच्या.

"हळू! अरे हळू बोल की!"

"मी हळूच बोलतोय!" तो ओरडायचा.

शेवटी तो घरात बोलेनासाच झाला. खुणा करायचा. भाकरी हवी असली तर बोटांनी गोल करून दाखवायचा. नजीराला हसू यायचं आणि हसता हसता मनात यायचं, आपल्या घरात माणसं खुणेनं बोलतात. का? तर एक पोर मरू नये म्हणून. पण पोर रडल्यावाचून किती दिवस राहील?

लालबीला न सांगता ती एकदा पोरीला डॉक्टरांकडं घेऊन गेली. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी पापणी ओढून बघितली, छाती तपासली, सगळं ऐकून घेतलं.

"फेफरं नाही हे," ते म्हणाले. "रडता रडता मूल दम धरतं. शुद्ध हरपली की श्वास आपोआप चालू होतो. पाच-सहा वर्षांची झाली की थांबेल. रक्त कमी आहे, त्याला औषध देतो."

"मग दम धरला की काय करायचं?"

"काही नाही. कुशीवर आडवी ठेवायची. पाणी मारायचं नाही, हलवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. बघत बसायचं."

"बघत बसायचं?"

"हो. आणि बाई, तिचं सगळं ऐकत जाऊ नका. नाही म्हणायचं तिथं नाही म्हणा."

नजीरा बाहेर आली. डॉक्टर मनानं चांगले होते, पण त्यांनी तो निळा चेहरा बघितला नव्हता. पोर हातात मरत असताना बघत बसायचं? हे पुरुषांनाच सुचावं. औषध तिनं दिलं. पोरीनं ते थुंकलं. कपड्यांवर तपकिरी डाग पडले, ते साबणानं जाईनात. त्या डागांवरून लालबीला डॉक्टरांकडं गेल्याचं कळलं.

"डागदर म्हणतो, काही करू नका?" लालबी म्हणाली. "सिकंदरच्या वेळी पण असंच म्हणला हुता एकजण. उतरंल ताप आपोआप."

नजीरा ते कपडे पुन्हा घासायला लागली.

मग लालबीनं आपल्या मनातलं सांगितलं. नदीपलीकडच्या गावात एक बाई होती. अमावस्येला पोरांना डाग द्यायची. विळ्याचं टोक तापवून बेंबीच्या चार बाजूंनी. दम कोंडणारी, पोट फुगणारी, झोपेत दचकणारी कितीतरी पोरं तिनं बरी केली होती. लालबीच्या भावाला लहानपणी डाग दिला होता, त्याच्या पोटावर अजून वण होते आणि तो अजून धडधाकट होता.

"एकदाच रडंल," लालबी म्हणाली. "मग जन्मभर रडली तरी भ्या न्हाय."

"आणि त्या रडण्यातच गेली तर?"

"ती बाई असती की तिथं."

नजीरानं चार दिवस काढले. त्या चार दिवसांत हाफिजा एकदा उंबऱ्याला अडखळली आणि पुन्हा निळी झाली. नजीरा अमावस्येला जायला कबूल झाली.

अमावस्येच्या दोन दिवस आधी कसबा बावड्यात शालूबाईच्या घरी चुडे भरायचे होते. शालूबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. बागायतदारांचं घर, मोठी भावकी. लालबीनं शालूबाईला तिच्या लग्नात चुडा भरला होता, आता लेकीला नजीरा भरणार होती. असं बोलावणं नाकारता येत नाही. सासू-सून पोरीला घेऊन बसनं गेल्या.

घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. नवरी समोर बसली. मागं भावकीतल्या बायका, त्यांच्या पोरी, एकमेकींच्या अंगावर रेलून. नजीरानं गाठोडं सोडलं. हिरवा ढीग चमकला.

"भाभी, घट्ट भर. सैल भरशील तर सासरी चार दिवसांत वाढवून येईल ही," कोणी म्हणालं. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"हिचा हात बघा की, भाकरी थापून थापून लाकूड झालाय."

"थापली कधी हिनं भाकरी? आईच थापती!"

नवरी लाजली. बायका खिदळल्या. नजीरानं नवरीचा हात आपल्या हातात घेतला, बोटं जुळवली, आंगठ्याखालचं हाड दाबून आत घेतलं. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली.

हाफिजा लालबीच्या मांडीवरून उठली. तिला बांगड्या हव्या होत्या. रोज गाठोडं असायचं, पण असा ढीग तिनं बघितला नव्हता. तिनं हात पुढं केला. लालबीनं तिला मागं ओढलं. हाफिजाचा खालचा ओठ पुढं आला.

सोपा गप्प झाला. बावड्यातल्या बायकांनाही माहीत होतं.

"द्या गं तिला," शालूबाई घाईनं म्हणाली. "माझ्या दारात नको बया. लगीनघर हाय."

लालबीनं चार-पाच बांगड्या उचलून पोरीच्या हातात दिल्या. हाफिजा हसली. सगळ्यांनी श्वास सोडला. बायका पुन्हा बोलायला लागल्या. नजीरानं बघितलं, की काच आहे. तिला 'नको' म्हणायचं होतं. तिनं म्हटलं नाही. ती पुढची बांगडी चढवू लागली. कान मागं होता. मागं बांगड्या किणकिणत होत्या. मग कट्ट असा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही.

तिनं वळून बघितलं.

हाफिजा खांबापाशी उभी होती. पायाशी फुटलेली बांगडी. हातात एक तुकडा, आणि गाल फुगलेला. ओठ घट्ट मिटलेले. ती हसत होती. तिला खेळ वाटत होता.

"अगं, तोंडात हाय तिच्या," शालूबाई म्हणाली.

कोणी हललं नाही. एवढ्या बायका, पण एकही पुढं झाली नाही. सगळ्या हाफिजाकडं बघत होत्या, साप निघाल्यावर बघतात तशा.

"बेटा, थूक," लालबी म्हणाली. ती गुडघ्यांवर सरकत गेली. "थूक माझी बाय. गूळ देतो. बघ, गूळ."

हाफिजानं मान हलवली आणि खांबामागं गेली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल रेघ उतरली.

नजीराच्या हातात अजून नवरीचा हात होता. तिला तेव्हा सगळं एकदम दिसलं. काच काढून घेतली तर पोर रडणार. तोंडात काच असताना रडली आणि श्वास आत ओढला तर काच आत जाणार. नाही काढली, तरी गिळणार. गोडीगुलाबीनं ती थुंकणार नाही, कारण तिला आजवर कुणी काही थुंकायला लावलंच नव्हतं. आम्हीच केलं हे, असं तिच्या मनात आलं. तेवढंच आलं.

ती उठली. धावली नाही. हसत हसत गेली, जशी रोज पोरीला उचलायला जायची तशी. एका हातानं तिनं पोरीचे दोन्ही गाल पकडले आणि दाबले. जबडा उघडला. दुसऱ्या हाताचं बोट तिनं गालाच्या आतून फिरवलं. तुकडा जिभेच्या कडेला होता. तो बोटात रुतला. ओढला. निघाला. आणखी एक होता, बारीक. तोही निघाला.

मग हाफिजानं टाहो फोडला.

एकच. आणि पुढं काही नाही.

"पाणी!" लालबी ओरडली. "पाणी आणा गं!"

शालूबाई आत धावली, तांब्या घेऊन आली. कोणी कांदा म्हणालं. नजीरानं पोरीला घोंगड्यावर कुशीवर ठेवलं आणि स्वतः तिच्यावर हाताचं कुंपण करून बसली.

"कुणी हात लावायचा न्हाय."

"मरती की गं ती!"

"अम्मा, पाणी न्हाय मारायचं. तोंडात रगत हाय, पाणी आत जाईल."

"दगड हाईस तू! आई न्हाईस!" लालबीनं तांब्या ओढून घेतला. नजीरानं तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सासूचा हात धरून ठेवला. तांब्या कलंडला, पाणी घोंगड्यावर गेलं.

हाफिजा निळी होती. नखांची मुळंसुद्धा निळी. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. एक पाय आचका देऊन ताणला आणि थांबला. नजीरा बघत बसली. डॉक्टर म्हणाले होते, बघत बसा. पण हे बघणं नव्हतं. तिच्या आतलं सगळं ओरडत होतं, की हलव, उचल, काहीतरी कर. तिनं आपला हात आपल्याच मांडीखाली दाबून धरला. या अल्ला, घेऊ नकोस, असंही तिला म्हणता येईना. सिकंदरच्या वेळी तिनं ते म्हटलं होतं. नवरीच्या बाजूनं कुणीतरी हुंदका दिल्याचं ऐकू आलं. कोणीतरी "अवदसा, नेमकी आजच" असं कुजबुजलं. तिला राग आला नाही. तिला काहीच वाटलं नाही. फक्त ती छोटी छाती, आणि ती हलत नव्हती.

मग हलली.

खर्रकन श्वास आत गेला. कांदा लांब होता, पाणी सांडलं होतं, चपला बाहेर अंगणात होत्या. श्वास आपला आपण गेला. ओठांचा निळा रंग कडेकडेनं ओसरायला लागला. हाफिजा कण्हली, डोळे फिरवले, आणि आईला बघून बारीक आवाजात रडू लागली.

लालबी तशीच बसली होती, रिकामा तांब्या मांडीत घेऊन. नजीराच्या बोटातून रक्त येत होतं. शालूबाईनं आपल्या पदराची चिंधी फाडून दिली.

"बांध," ती म्हणाली. "आणि नवरीचा हात अर्धा राहिलाय. तसा ठेवायचा नसतोय."

नजीरानं बोट बांधलं. पोरीचं तोंड धुऊन तिची जीभ बघितली. चिरली होती, पण खोल नाही. तिला मांडीशी घेऊन ती पुन्हा नवरीपुढं बसली. हाफिजानं डोळे पुसले, ढीग बघितला आणि हात पुढं केला.

"न्हाय," नजीरा म्हणाली.

ओठ पुढं आला. पोर रडायला लागली. सगळ्या नजरा नजीरावर आल्या. नजीरानं नवरीची बोटं जुळवली आणि हाड दाबलं. बांधलेलं बोट ठणकत होतं. मांडीशी रडणं चाललं होतं. मधेच ते तुटायचं, तिचा हात थांबायचा, मग रडणं पुन्हा सुरू व्हायचं आणि बांगडी पुढं जायची. चुडा संपेपर्यंत तिचा पोलका पाठीवर भिजला होता. नवरी उठली, वाकून तिच्या पाया पडली. नजीराला आशीर्वाद सुचेना. "सुखी राहा," एवढं तिनं कसंबसं म्हटलं.

बसमध्ये हाफिजा झोपली. लालबी खिडकीकडं तोंड करून बसली होती. पंचगंगेकडची शेतं गेली, गावातली घरं यायला लागली. मग लालबी म्हणाली, "परवा अमावस्या हाय."

"न्हाय जायचं अम्मा."

"आज सोडला दम. उद्या न्हाय सोडला तर?"

"सोडंल," असं म्हणायला तिची जीभ उचलेना. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर येत होती, खाली जात होती.

"मला भ्या वाटतंय," ती म्हणाली. "तुमच्याएवढंच वाटतंय. पण डाग न्हाय द्यायचा."

लालबी पुन्हा खिडकीकडं वळली.

घरी आल्यावर नजीरानं चूल पेटवली, पाणी तापवलं. बाहेर अजून उजेड होता. पोरीच्या अंगावर रक्ताचे, गुळाचे, धुळीचे थर होते. तिनं तिला मोरीत उभं केलं आणि एका पायावर पाणी ओतलं. हाफिजानं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

दारातून धोंडुबाईनं डोकावलं. "काय ओ चाची, रडवाय लागलीय की पोरीला! बघा की!"

लालबी भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात तांब्याकडं गेला, आणि तिथंच राहिला.

"बघतोय की," ती म्हणाली. "बघत बसलोय."

रडणं वर चढलं, चढत चढत एका ठिकाणी तुटलं. नजीराचा हात पोरीच्या घोट्यावर थांबला. तिघी बायका थांबल्या. मोरीच्या पन्हाळातून पाणी बाहेर पडल्याचा आवाज येत राहिला.

मग हाफिजानं श्वास घेतला आणि आधीपेक्षा मोठ्यानं रडायला लागली. नजीरानं तिचा दुसरा पाय धुवायला घेतला.